मदत हवी आहे: प्रोग्रॅम बंद पडतो आणि मागोमाग अख्खा कॉम्प्युटर गोठतो

पेठेतला डीटीपीवाला
रविवार, रात्री १०:५०

मंडळी, डोकं फिरायची पाळी आलीय म्हणून इथं लिहितोय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन एकच, पोट त्याच्यावरच.

मोठी फाइल उघडून दहा-पंधरा मिनिटं काम केलं की डिझाइनचा प्रोग्रॅम पांढरा पडतो, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं आणि तो गायब होतो. इथपर्यंत माझी तक्रार नाही. प्रोग्रॅम आहे, पडतो कधीमधी. पण तो पडला की मागोमाग सगळा कॉम्प्युटरच गोठतो. माउसचा बाण हलतो, क्लिक मात्र कशालाच लागत नाही. स्टार्ट उघडत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ ७:१२ वर थांबलं की थांबलं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून आत जाऊन चहा घेऊन आलो तरी तसंच. कधी तीन-चार मिनिटांनी आपोआप सुटतो, कधी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं.

मशीन असं: चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. विंडोज १२० जीबीच्या एसएसडीवर आहे, म्हणजे चिपवाल्या वेगवान डिस्कवर. तो सी ड्राइव्ह. शिवाय एक जुनी १ टीबीची हार्ड डिस्क, म्हणजे डी ड्राइव्ह. तिच्यात माझं नऊ वर्षांचं काम आहे.

आतापर्यंत काय काय केलं? दोन वेळा फॉरमॅट, दर वेळी पाचशे रुपये. रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवली. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलला. अँटिव्हायरस रात्रभर फिरवला. फॉरमॅट केलं की आठ-दहा दिवस लोण्यागत चालतो, मग पुन्हा पहिले पाढे. आता दुरुस्तीवाला म्हणतोय मदरबोर्ड गेला.

बुधवारपर्यंत तालमीचा २० बाय १० फुटी फलक द्यायचाय. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने सुरू आहेत आणि तालमीची पोरं रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसतात. कुणाला काही सुचतंय का?

फॉरमॅटसम्राट
रविवार, रात्री ११:०५

दोन्ही वेळा फक्त सी फॉरमॅट केला असणार. व्हायरस डीमध्ये लपतो. या वेळी सी आणि डी दोन्ही उडवा, नवीन विंडोज टाका. विषय संपला.

पेठेतला डीटीपीवाला
रविवार, रात्री ११:०९

डी उडवला तर अर्धी पेठ मला उडवेल राव. सगळ्यांच्या पत्रिका तिथंच आहेत.

राजारामपुरी सातवी गल्ली
रविवार, रात्री ११:३०

डिझाइनचं काम म्हणजे पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. ग्राफिक्स कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज तो ड्रायव्हर स्वतःच पाडून परत उभा करतं. कधी कधी तो नीट उभा राहत नाही आणि पडदा अडकतो. पुढच्या वेळी गोठला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होईल, बीप वाजेल. त्यानं सुटला तर ड्रायव्हरचा घोळ. नाही सुटला तर माझा अंदाज चुकला.

आणि बटण दाबून बंद करायची सवय आधी सोडा. फाइल अर्धवट लिहिलेली असताना वीज गेली की ती फाइल गेलीच म्हणून समजा.

उद्यमनगरचा लेथ
सोमवार, सकाळी ७:४०

दादा, मदरबोर्ड वगैरे राहू द्या बाजूला. तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी नजरेत भरल्या. फॉरमॅटनंतर आठ-दहा दिवस बरा चालतो, ही एक. बोर्ड गेला असता तर त्याला फॉरमॅटचं काय सोयरसुतक? दुसरी, कधी कधी तीन-चार मिनिटांनी आपोआप सुटतो. म्हणजे कॉम्प्युटर मेलेला नाही, कशाची तरी वाट बघत उभा आहे. कशाची, ते शोधायचं.

पुढच्या वेळी गोठला की बटणाला हात लावू नका, आधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतोय-विझतोय तर विंडोज आतून जिवंत आहे. मग सीपीयूच्या तोंडावरचा हार्ड डिस्कचा दिवा बघा, लुकलुकतोय, विझलाय का एकसारखा पेटलेलाच आहे. आणि डब्याला कान लावा. हसू नका, खरंच लावा.

सुटला की स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ टाइप करून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याखाली अ‍ॅप्लिकेशन आणि सिस्टिम असे दोन भाग दिसतील. अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रोग्रॅम पडल्याच्या मिनिटाची लाल नोंद शोधा, क्रमांक १००० असेल. तीत ‘एक्सेप्शन कोड’ लिहिलेला असतो, तो जसाच्या तसा इथं द्या. सिस्टिममध्ये त्याच वेळेला ‘डिस्क’ नावानं काही आहे का तेही बघा.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. फॉरमॅटनंतर त्या आठ-दहा दिवसांत तुम्ही स्वतः काय बदल करता?

पेठेतला डीटीपीवाला
सोमवार, दुपारी १:२०

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून मुद्दाम बसलो. तालमीची फाइल उघडली, अकराव्या मिनिटाला पडला.

सातवी गल्लीवाले, तुमची चार बटणं दाबली. पडदा काळा झाला, बीप वाजलं, गोठलेलं गोठलेलंच.

लेथभाऊ, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय-विझतोय. हार्ड डिस्कचा दिवा मात्र एकसारखा लाल, जराही लुकलुकत नाही. आणि डब्याला कान लावला तर आतून टिक... टिक... टिक, मग जरा गप्प, मग पुन्हा तेच. बायको दारात उभी राहून बघत होती, ती म्हणाली आता स्टेथोस्कोप आणा.

एक्सेप्शन कोड ०एक्ससी००००००६. सिस्टिममध्ये ‘डिस्क’ नावाच्या ओळीच ओळी आहेत. क्रमांक ७, त्यात ‘बॅड ब्लॉक’ असं काहीतरी. मध्ये मध्ये क्रमांक ५१, त्यात ‘पेजिंग ऑपरेशन’ हा शब्द. दोन्हींत हार्डडिस्क१ लिहिलंय.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ विचार केला. मी तर काहीच करत नाही. फक्त एसएसडी लहान आहे ना, आठवड्याभरात सी लाल होतो, जागा संपली म्हणून. मग एका व्हिडिओत बघून ठेवलंय तसं व्हर्च्युअल मेमरी का काय ते सीवरून काढून डीवर टाकतो. सीवर बरीच जागा मोकळी होते. दोन्ही फॉरमॅटनंतर केलं.

उद्यमनगरचा लेथ
सोमवार, दुपारी १:४५

सापडलं. हे तुमचं ‘फक्त’च सगळ्याच्या मुळाशी आहे.

जरा सविस्तर लिहितो. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे पेजफाइल. रॅम भरली की विंडोज त्यातली सध्या न लागणारी पानं उचलून या फाइलमध्ये ठेवतं, आणि लागली की परत आणतं. तुमच्या फलकाचा हिशेब करा. २० बाय १० फूट म्हणजे २४० बाय १२० इंच. इंचाला ७२ ठिपके धरले तर १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे जवळपास १५ कोटी ठिपके. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एकच थर ६०० एमबीच्या आसपास. असे सहा-सात थर आणि वर विंडोज, की तुमची ८ जीबी काठोकाठ. मग पानं जायला लागतात डीवर.

आणि डी आजारी आहे. नोंदीत डिस्कची मोजणी शून्यापासून असते, म्हणून हार्डडिस्क१ म्हणजे तुमची दुसरी डिस्क, डी. क्रमांक ७ ची नोंद म्हणजे डिस्कवरची एखादी जागा वाचता आली नाही. ५१ म्हणजे पानं नेता-आणताना डिस्कनं चूक दिली. आणि तुमच्या कोडात शेवटी ६ आहे, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चुकीनं पडझड झाली तर बहुतेक वेळा शेवटी ५ असतो. ६ म्हणजे प्रोग्रॅमनं आपलंच ठेवलेलं पान परत मागितलं आणि डिस्कनं दिलं नाही. म्हणजे तुमच्या डिझाइन प्रोग्रॅमला उगाच शिव्या दिल्या, तो बिचारा बळी आहे.

आता तो पडल्यावर बाकीचं का गोठतं? प्रोग्रॅम मेला की विंडोजचा एक वेगळा प्रोग्रॅम येऊन मेलेल्याची मेमरी चाळतो, अहवाल लिहायला. त्यासाठी त्याला तीच पानं वाचायची असतात, त्याच खराब जागेवरून. पंचनामा करायला आलेला हवालदारही त्याच खड्ड्यात पडतो. दरम्यान स्टार्ट मेनू, घड्याळ, सगळ्यांचीच थोडी थोडी पानं त्या फाइलमध्ये, सगळे रांगेत. डिस्क एकेका खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटते, तीच तुमची टिकटिक. विंडोज एका मागणीला साधारण साठ सेकंद वाट बघतं. अशा तीन-चार मागण्या अडकल्या की झाली तुमची तीन-चार मिनिटं. बाणाला डिस्क लागत नाही म्हणून तो हलतो. क्लिकला उत्तर द्यायला प्रोग्रॅम जागा व्हावा लागतो.

फॉरमॅट केलं की पेजफाइल आपोआप सीवर येते, म्हणून तुमचे ते आठ-दहा दिवस सुखाचे.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि डीचे आकडे द्या. आणि कृपा करून चेकडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) किंवा डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली जुळवणारा) लावू नका. आधी डेटा बाहेर काढायचा.

फॉरमॅटसम्राट
सोमवार, दुपारी २:१०

चेकडिस्क का नको? बॅड सेक्टर त्यानंच दुरुस्त होतात की.

उद्यमनगरचा लेथ
सोमवार, दुपारी २:२५

दुरुस्त होत नाहीत, त्या जागा वापरायच्या नाहीत अशी खूण होते. ती खूण करायला चेकडिस्क १ टीबीचा कोपरान् कोपरा वाचतं, कित्येक तास. डिस्क धापा टाकत असेल तर त्या तासांत ती कायमची बसू शकते, आणि यांचं नऊ वर्षांचं काम अजून आतच आहे. पेशंटला आधी दवाखान्यात न्यायचं, रंकाळ्याला फेरी मारायला नाही.

पेठेतला डीटीपीवाला
सोमवार, दुपारी ३:५०

टाकलं. एसएसडी निळी, ‘गुड’. डी पिवळी, ‘कॉशन’. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ या ओळीच्या टोकाला बरीच शून्यं आणि मग बी८ असं आहे. आकड्यात बी कुठून आला?

राजारामपुरी सातवी गल्ली
सोमवार, दुपारी ४:०५

तो आकडा सोळाच्या पाढ्यातला आहे, त्यात १० ला ए, ११ ला बी. अकरा सोळे एकशे शहात्तर आणि आठ, म्हणजे १८४. इतक्या जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत, आणि त्यांचं काय करायचं हे तिचंही ठरलेलं नाही. इथं शून्य असायला हवं. लेथ बरोबर आहेत, माझा ड्रायव्हर मागे घेतो.

पेजफाइल आत्ताच हलवा. स्टार्टमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, मग परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. डी निवडून ‘नो पेजिंग फाइल’ आणि सेट. सी निवडून ‘सिस्टिम मॅनेज्ड साइझ’ आणि सेट. मग रीस्टार्ट. सेट न दाबता ओके केलं तर काहीच बदलत नाही, मी स्वतः यात एक दुपार घालवलीय. डिझाइन प्रोग्रॅमची तात्पुरत्या फाइलींची जागाही डीवर असेल, तीही सीवर आणा.

सीवर जागा करायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ एवढं इंग्रजीत लिहून एंटर मारा. हायबरनेशनची, म्हणजे कॉम्प्युटर झोपवताना रॅम उतरवून ठेवायची फाइल जाते, तुमच्याकडे तीनेक जीबी सुटतील.

थोडं विषयांतर: विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलंय, आणि चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणजे कधीतरी मशीनच बदलावं लागणार. आज नाही, पण मनात असू द्या.

पेठेतला डीटीपीवाला
गुरुवार, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, माफी असावी. फलक बुधवारी संध्याकाळी गेला. चौकात लागलासुद्धा.

सोमवारी रात्रीच पेजफाइल सीवर आणली. जागेसाठी जुने फॉन्ट आणि डाउनलोड्सचा उकिरडा साफ केला. त्यानंतर मशीन एकदाही गोठलेलं नाही. प्रोग्रॅम एकदा पडला, पण एकटाच पडला, बाकी सगळं जागच्या जागी. तो पुन्हा उघडला आणि काम चालू. रॅम वाढवायची आहे, ती सणानंतर.

मंगळवारी नवीन डिस्क आणली आणि एकेक फोल्डर कॉपी केलं. सगळं एकदम उचललं नाही. जिथं टिकटिक सुरू झाली तिथं ती फाइल सोडून पुढं गेलो. दोन रात्री लागल्या. नऊ वर्षांच्या कामातल्या तेवढ्या तीन फाइली हाताला लागल्या नाहीत. म्हटलं, तीनच ना, कोण विचारतंय.

आज सकाळी शटर वर करतोय तोवर एक जुनं गिऱ्हाईक पायरीवर. म्हणाले, “मागच्या वर्षीचाच फलक द्या हो, नुसतं साल बदला.” नेमका तिसऱ्या फाइलीतला.