शब्दचर्चा: आजीला 'आरिगातो' म्हणायचं तर मराठीत काय म्हणायचं?

पारिजात:
पुण्यात आम्ही काही जण जपानी शिकतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी जपानात 'केइरो नो हि', म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सन्मानाचा दिवस असतो. त्यानिमित्त आमच्या कार्यक्रमात गायिका उएमुरा काना यांचं २०१० सालचं 'तोइरे नो कामिसामा' हे गाणं लावणार आहोत. पडद्यावरच्या मराठी ओळी मी करतेय.

गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. आजीजवळ राहणाऱ्या मुलीला संडास घासायचा कंटाळा असतो. आजी सांगते, तिथे एक सुंदर देवी राहते, रोज लख्ख ठेवलंस तर तिच्यासारखी देखणी होशील. पुढे मुलगी मोठी होते, आजीशी खटके उडतात, ती घर सोडते, तोक्योला जाते. आजी आजारी पडल्यावर भेटायला येते आणि दुसऱ्याच सकाळी आजी जाते. मग त्या आजीला उद्देशून 'होन्मा नि आरिगातो'. 'होन्मा' हे पश्चिम जपानातल्या कान्साई बोलीतलं 'खरंच', आणि 'आरिगातो' म्हणजे आभार.

'आजी, तुझे खूप आभार' लिहिलं तर गणेशोत्सवातलं आभारप्रदर्शन वाटतं. 'धन्यवाद' तर निवेदकाचा. 'थँक्यू आजी' लिहिलं होतं, ते आमच्या गटातल्या एका ज्येष्ठांनी खोडलं. तुम्ही काय लिहाल?

बाराखडी:
त्यांनी योग्यच केलं. ऋण, उपकार, कृतज्ञता, उतराई, एवढे शब्द असताना थँक्यू कशाला? 'आजी, मी तुझी ऋणी आहे' लिहा.

माजघर:
बाराखडी, 'ऋणी आहे' हे सत्काराच्या भाषणात ठीक. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून कोण असं बोलतं? आणि 'उपकार' घरात फक्त भांडणात येतो, 'मोठे उपकार केलेस!' असा. आमच्याकडे आजीचे आभार कधी कुणी मानले नाहीत. परीक्षेला निघताना तिने हातावर दही घातलं की वाकून नमस्कार करायचा आणि ती 'औक्षवंत हो' म्हणायची. देणंघेणं तिथेच पुरं व्हायचं. पारिजात, मी तर 'आजी, नमस्कार करते गं' असं लिहीन.

रानवाटा:
माजघर यांचं पटलं, पण नमस्कारात 'आरिगातो'चा अर्थ येत नाही. मूळ 'आरि-गाताशि', म्हणजे असणं कठीण, दुर्मीळ. साधारण इ.स. १०००च्या सुमारास सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने 'आरिगाताकि मोनो' म्हणून क्वचित दिसणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. त्यात पहिल्यांदा सासऱ्याने वाखाणलेला जावई आणि सासूची लाडकी सून! अशी आजी मिळणं दुर्मीळ, हा भाव त्या शब्दाच्या पोटात आहे.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात लहानपणापासून ऐकत आलोय की 'आरिगातो' हा पोर्तुगीज 'ओब्रिगादो'च. सेंट झेवियर गोव्याहूनच जपानला गेले. शब्दही तसाच गेला असणार.

रानवाटा:
झेवियर कागोशिमाला उतरले १५४९ मध्ये. शोनागोनचा शब्द त्याआधी पाचशे वर्षांचा. पोर्तुगिजांकडून खरोखर आलेला शब्द हवा असेल तर आपला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' घ्या. दोन्ही एकाच घरचे.

मांडवीकाठ:
तारीख मान्य. पण जुना शब्द असला तरी आभार मानण्याची लकब पोर्तुगिजांना ऐकून वाढली नसेल कशावरून?

पंचगंगा:
'होन्मा'कडे कुणी बघतच नाही! गायिका ह्योगो प्रांतातल्या, आजीचं बोलणं कान्साईचं. प्रमाण मराठीत घातलंत की आजी टीव्हीवरची होते. कोल्हापुरात आजीला 'आज्जे' म्हणतात. 'आज्जे, खरंच गं...' इतकंच लिहा, पुढचं सुरांवर सोडा.

बाराखडी:
कोल्हापूरच का? वऱ्हाडी, मालवणी का नको? म्हणूनच प्रमाणभाषा असते. आणि थँक्यूचं दार एकदा उघडलं की ते बंद होत नाही.

माजघर:
अहो, गाण्याच्या नावातच 'तोइरे' आहे, म्हणजे इंग्रजी टॉयलेट. जपानीत 'कावाया' हा जुना शब्द असूनही गायिकेने रोजचा शब्द घेतला आणि त्या वर्षअखेरीच्या 'कोहाकु'त, म्हणजे एनएचके या जपानी वाहिनीच्या मोठ्या कार्यक्रमात, सगळ्या देशासमोर म्हटला. आजचा नातू आजीला थँक्यू म्हणतो, तर ते मराठीच झालं.

पारिजात:
बरं झालं विषय निघाला. शीर्षकाचंही अडलंय. 'संडासातली देवी' म्हटलं तर सभागृहात हसतील, 'शौचालयातील देवता' म्हटलं तर पालिकेची पाटी.

पंचगंगा:
'संडास'च ठेवा. हसले तर हसू देत, दहा मिनिटांनी रडतीलच.

बाराखडी:
आमच्या घरी 'शेतखाना' म्हणत. शेतात जायचे म्हणून शेतखाना. अस्सल मराठी.

रानवाटा:
तो 'सेहतखाना' आहे, सेहत म्हणजे आरोग्य. शेताशी संबंध नाही. शेतातलं हवं तर 'परसाकडे'.

देवराई:
देवीबद्दल थोडं सांगतो. संडासाच्या देवाची समजूत जपानात जुनीच आहे. तो स्वच्छ ठेवला की बाळंतपण सुखरूप होतं, मूल देखणं होतं, असं मानत. बौद्ध मंदिरांतल्या शौचालयात 'उसुसामा म्योओ'ची प्रतिमा असते. त्याचं मूळ संस्कृत नाव 'उच्छुष्म', अशुद्ध ते जाळून शुद्ध करणारा. आपला 'उष्टं' यातूनच आला असावा असं मला फार दिवस वाटतंय.

रानवाटा:
'उष्टं' आलं 'उच्छिष्ट'वरून, तिथे 'शिष्', उरणे. 'उच्छुष्म'मध्ये 'शुष्'. कुळं वेगळी.

देवराई:
धातू वेगळे असतील, पण दोन्हीकडे विटाळ आहेच. बोलताना लोक धातू बघत नाहीत.

माजघर:
कार्यक्रमात आजोबांची बाजूही घ्या. यामागाताचे चेरी पिकवणारे शेतकरी ओइझुमि इत्सुरो यांचं 'मागो', म्हणजे नातवंड. १९९९ सालचं एन्का, म्हणजे जुन्या वळणाचं जपानी भावगीत, स्वतः चाल बांधून गायलेलं, प्रचंड गाजलं. तिथे आजोबाच नातवावर जीव ओवाळून टाकतात. त्याला आपल्याकडे 'दुधावरची साय' तयार आहे.

पारिजात:
'मागो' घेते. शीर्षक 'संडासातली देवी' पक्कं. पण शेवटची ओळ अजून तशीच आहे हो!

बाराखडी:
'पांग फेडणे' कुणी सुचवलंच नाही. 'आजी, तुझे पांग फेडायचे राहिले.'

पंचगंगा:
पांग आईबापाचे फेडतात. आजीचे फेडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बाराखडी:
आम्ही ऐकलंय. सोलापूरकडे सर्रास म्हणतात.

देवराई:
'पांग' आणि 'पांगळा' एकच ना?