धंद्याचं लिखाण एआयकडून करून घ्यावं का? अनुभव असलेल्यांनी सांगा

बिबडेवाली_यावल:
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आम्ही काही बाया मिळून ज्वारीचे बिबडे (पापडासारखे असतात), उडदाचे पापड, केळीचे वेफर्स करतो. फूड लायसन आहे, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) पण आहे. माल बनवायचं टेन्शन नाही, लिहायचं आहे. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप मेसेज, पुण्याच्या दुकानदारांना पत्रं, पाकिटावरचा मजकूर, सगळं अडून राहतं. पुतण्या म्हणतो काकू एआयला सांग, लगेच होतं. त्याने बिबड्यांची जाहिरात करून दाखवली, वाचायला एकदम गुळगुळीत, पण बिबड्यात उडीद घातलेला आणि वर "मधुमेह दूर ठेवणारे" म्हणून लिहिलेलं! मी ती पुढे जाऊच दिली नाही. तर वापरावं का, आणि कशाकशाला? पैसे देऊन लिहून घेण्याइतकं बजेट नाही.

चटईवाला_जळगाव:
ताई बिनधास्त वापरा. एमआयडीसीत आमचं चटईचं छोटं युनिट आहे, बाहेरच्या राज्यातले व्यापारी इंग्रजीत कोटेशन मागतात. मी मराठीत बोलून सांगतो, साईज काय, वजन काय, रेट काय, भाडं कोणाकडे, की एआय व्यवस्थित मेल करून देतो. आधी यासाठी अकाउंटंटच्या मागे लागावं लागायचं. फक्त आकडे मी स्वतः परत मोजतो.

लेबलवाला_धुळे:
माझं पाकिटं-लेबलं छापायचं काम आहे म्हणून जरा लांबड लावतो, राग मानू नका. चटईवाल्या भाऊंचं कोटेशनपुरतं बरोबर आहे, पण गिऱ्हाइकासाठीच्या मजकुराचं गणित वेगळं आहे. आजकाल माझ्याकडे छापायला येणाऱ्या दहातल्या आठ मजकुरांत "परंपरा आणि चवीचा अनोखा संगम" असतंच, मग ती शेव असो, लोणचं असो की काळा मसाला. नाव झाकलं तर कोणाचं पाकीट ते कळत नाही, आणि छोट्या माणसाकडे ओळख सोडून दुसरं असतं काय हो? मोठ्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा आहे, तुमच्याकडे तुमचा हात आहे.

म्हणून ताई असं करा. दारात आलेल्या बाईला तुम्ही जे सांगता तेच मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा. ज्वारी दादर आहे का, किती दिवस भिजवली, घाटा चुलीवर शिजवला का, तीळ किती, लसूण-मिरची वाटून घातली का, ओल्या फडक्यावर थापून कोणत्या उन्हात वाळवले. मग एआयला सांगा, यात काही वाढवू नको, फक्त शुद्धलेखन बघ आणि लांबलं असेल तर कमी कर. त्याला नुसतं "बिबड्यांची जाहिरात लिही" म्हणलं तर माहिती नसली तरी तो काहीतरी भरणारच, तुमचा उडीद असाच आला.

आणि ते मधुमेहाचं वाक्य, बरं झालं थांबवलं. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ५३, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तिथे एआयने लिहिलं म्हणून कोणी सोडत नाही, पाकिटावर नाव तुमचं असतं. घटकपदार्थ, वजन, तारीख, लायसन नंबर या गोष्टी एआयला विचारायच्याच नाहीत, आपल्या वहीतून उतरवायच्या.

खान्देशी_भो:
खरं शे भो! आमच्या गल्लीत दिवाळीला सगळ्या दुकानांचा शुभेच्छा मेसेज शब्दन् शब्द सारखा आला होता. लोक वाचत पण नाहीत.

बिबडेवाली_यावल:
लेबलवाले दादा, खूप आभार, रेकॉर्डिंगचं आजच करते. अजून एक, पुण्याच्या एका दुकानदाराकडे दिवाळीच्या मालाचे पैसे अडकलेत, फोन उचलत नाही. कडक पत्र एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का?

हिशोबनीस_अमळनेर:
ताई, इथे मात्र नक्की वापरा, कारण आपण रागात लिहितो आणि मुद्दा राहून जातो. पण कायदा एआयला तुम्ही सांगा. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६, कलम १५: लेखी करार असेल तरी माल घेतल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तुम्ही स्वतः माल बनवता आणि उद्यम नोंदणी आहे म्हणून हे तुम्हाला लागू होतं, फक्त ती नोंदणी माल पाठवायच्या आधीची आहे ना ते बघा. एआय कधीकधी नसलेली कलमं पण ठोकून देतो, म्हणून तयार झालेलं पत्र एकदा सीएला दाखवाच. दुकानदाराचा फोन नंबर, तुमचा बँक खाते नंबर एआयमध्ये टाकू नका, ती जागा मोकळी ठेवून नंतर हाताने भरा. बिलाची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. तरी नाही दिले तर कलम १८ खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अडकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी समितीकडे) जाता येतं, तेव्हा हेच पत्र आणि पावती लागेल.