आमदारांकडे नेमके काय मागावे? हद्दीत नव्याने आलेल्या गावाचा रस्ता, ड्रेनेज आणि पाणी

प्रश्न: सोसायटीसचिव

नमस्कार. काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावात आमची 212 सदनिकांची गृहनिर्माण सोसायटी आहे. मुख्य रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंत साधारण 700 मीटरचा रस्ता असून तोच आणखी तीन सोसायट्या आणि जुने गावठाण यांच्या वापरात आहे. पावसाळ्यात त्याची इतकी दुर्दशा होते की शाळेची बस आत येण्यास नकार देते आणि लहान मुलांना चिखलातून नाक्यापर्यंत चालत जावे लागते. सांडपाण्याची वाहिनी अर्ध्यावर थांबलेली आहे, आणि पिण्याचे पाणी आजही टँकरने विकत घ्यावे लागते.

मागील दोन वर्षांत आम्ही वेगवेगळ्या कार्यालयांना अकरा पत्रे दिली. प्रत्येक ठिकाणी विषय आमच्याकडे येत नाही असे उत्तर मिळाले. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून मंदिराजवळ बाके आणि नाक्यावर एक हायमास्ट दिवा बसला, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु मूळ तिन्ही प्रश्न जागच्या जागीच आहेत.

पुढील महिन्यात आमदार चारही सोसायट्यांच्या प्रतिनिधींना अर्धा तास भेटणार आहेत. त्या अर्ध्या तासात आम्ही काय मागावे? रस्ता, ड्रेनेज आणि पाणी ही कामे मुळात आमदारांची आहेत की नगरसेवकांची, याविषयी आमच्यातच एकमत नाही. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1: निवृत्त_अभियंता

आपला प्रश्न मी नोकरीच्या काळात शेकडो वेळा ऐकला आहे, म्हणून आधी एक उलटा प्रश्न विचारतो: हा रस्ता कोणाचा आहे? वापर सर्वांचा असला तरी मालकी कोणाची आहे, हे आपल्या अकरा पत्रांपैकी एकाही पत्रात विचारलेले नसावे असा माझा अंदाज आहे.

हद्दीत नव्याने आलेल्या गावांत पुष्कळ रस्ते केवळ वहिवाटीने रस्ते असतात. विकास आराखड्यावर रेघ असते, डांबरही कधीकाळी ग्रामपंचायतीने टाकलेले असते, पण सातबारा उताऱ्यावर जमीन अजून शेतकऱ्याच्याच नावावर असते. अशा रस्त्यावर सार्वजनिक निधी खर्च करायला कोणताही जबाबदार अभियंता सही करणार नाही, आणि त्याने ती करूही नये, कारण पुढे लेखापरीक्षणात आणि न्यायालयात उत्तर त्यालाच द्यावे लागते. म्हणून प्रथम विकास आराखड्याचा उतारा, रस्त्याखालील प्रत्येक गटाचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा मिळवा. रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे किंवा नाही, हे माहिती अधिकारात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आता निधीविषयी. महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची वार्षिक रक्कम 2022 मध्ये 4 कोटींवरून 5 कोटी रुपये करण्यात आली. ऐकायला ती मोठी वाटते, परंतु ती संपूर्ण मतदारसंघासाठी असते आणि आमदार ती स्वतः खर्च करत नाहीत. ते काम सुचवतात. मग संबंधित यंत्रणा अंदाजपत्रक तयार करते, त्याला तांत्रिक मान्यता लागते, जागेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता लागते आणि त्यानंतर निविदा निघते. बाके आणि दिवे लवकर होतात, कारण त्यांना जागा थोडी लागते आणि मालकीचा वाद नसतो. आपल्या ड्रेनेजचे काम या निधीच्या आवाक्यातलेच नाही. वाहिनी कुठेतरी मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला जाऊन मिळावी लागते आणि तो खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातून किंवा राज्य शासनाच्या अनुदानातूनच व्हावा लागतो.

उत्तर 2: सभागृहवाचक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याला एक बाजू जोडू इच्छितो. गटार, दिवे, अंतर्गत रस्ते आणि पाण्याचे वितरण ही कायद्याने महापालिकेची कामे आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीने 12 वी अनुसूची आणली आणि त्यातील 18 विषय नागरी स्थानिक संस्थांशी जोडले. आमदार हे कायदेमंडळाचे सदस्य आहेत, म्हणून त्यांच्याकडे आपण ते मागावे जे नगरसेवक देऊ शकत नाहीत. निधी हा त्यांच्या अधिकाराचा सर्वांत लहान भाग आहे, पण आपण नागरिक बहुतेक वेळा तेवढाच भाग ओळखतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुण्याचे उदाहरण घ्या. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. हा निर्णय राज्य शासनाचा होता. 23 गावांपैकी सूस, म्हाळुंगे ही गावे मुळशी तालुक्यातली, त्यामुळे तेथील मतदार भोर विधानसभा मतदारसंघात आहेत. वाघोली शिरूर मतदारसंघात आहे. म्हणजे भोरमध्ये उंच इमारतींच्या वस्तीचे आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यांचे आमदार एकच. महापालिकेची हद्द सरकली, पण मतदारसंघाच्या सीमा 2008 च्या पुनर्रचनेच्याच राहिल्या. अशा मतदारसंघात शहरी भागाचा प्रश्न आमदारांपर्यंत पूर्ण कागदपत्रांसह पोहोचवण्याची जबाबदारी रहिवाशांवर अधिक येते.

त्याच शहरातील दुसरे उदाहरण मिळकत करातील 40 टक्के सवलतीचे आहे. स्वतः राहत असलेल्या घरासाठी 1970 पासून मिळणारी ही सवलत काढून घेतली गेली तेव्हा महापालिकेला ती स्वतःच्या अधिकारात परत देता येत नव्हती. विषय विधिमंडळात गेला आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. ज्या प्रश्नाची किल्ली मंत्रालयात असते, तो प्रश्न आमदारांकडे न्यावा.

आपल्या तीन प्रश्नांपैकी पाण्याचा प्रश्न मला या प्रकारचा वाटतो. बांधकाम परवानगी देताना, महापालिका पाणी देईपर्यंत विकासक पाणी पुरवील असे हमीपत्र घेतलेले असेल, तर त्या हमीपत्राचे पुढे काय झाले हे नगरविकास विभागाला सभागृहात विचारता येते. अशा तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नाची, भाषा ठरलेली असते: अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आपण याच साच्यात एका पानाचा मसुदा करून द्या. "हे अंशतः खरे आहे" असे उत्तर आले तरी हरकत नाही, कारण कोणता अंश खरा हे शासनाने लेखी मान्य केलेले असते. हे प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात, त्यामुळे भेट लांबली तर ते अधिवेशन हातचे जाईल. ऐन अधिवेशनात तातडीचा विषय उद्भवल्यास विधानसभेच्या नियम 105 खाली लक्षवेधी सूचनेचा मार्ग आहे. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले तर ते आश्वासन समितीच्या कक्षेत येते आणि त्याचा पाठपुरावा करता येतो. जनता दरबारात दिलेल्या शब्दाला असा आधार नसतो.

उत्तर 3: प्रभागसभेतील_ताई

दोन्ही उत्तरांतून मला पुष्कळ शिकायला मिळाले, तरीही एका मुद्द्यावर मी वेगळे मत नोंदवते. हायमास्ट दिव्याला लहान काम समजू नये. रात्री साडेनऊला कामावरून परतणाऱ्या बाईला तो नाका ओलांडताना काय वाटते, हे त्या दिव्याखालून जाणाऱ्यांना विचारावे. आमदारांनी ते काम केले असेल तर भेटीची सुरुवात त्याच्या मनापासून केलेल्या आभारानेच करावी.

निधी आणि सभागृह यांच्यामध्ये आमदारांचे आणखी एक काम असते, ज्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि ते म्हणजे सगळ्यांना एका जागी उभे करणे. आमच्या भागात रस्तारुंदीकरण दोन वर्षे थांबले होते, कारण रस्त्याच्या मधोमध विजेचे एक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) होते. रस्त्याचे अधिकारी म्हणत, वीज खात्याने ते हलवावे. वीज खात्याचे म्हणणे, स्थलांतराचे पैसे भरल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. आणि नवी जागा जिथे हवी होती तिथे वाहतूक पोलिसांची हरकत होती. तिघांनी एकमेकांना पत्रे लिहिली होती, पण तिघे कधी भेटले नव्हते. त्या वेळच्या आमदारांनी तिघांनाही सकाळी आठ वाजता त्या रोहित्रापाशी बोलावले. वीस मिनिटांत नवी जागा ठरली. त्यासाठी निधीचा एक रुपयाही लागला नाही. नगरसेवकाच्या बोलावण्यावर महापालिकेचा अधिकारी येतो, पण वीज, पोलीस, महसूल आणि भूमी अभिलेख या राज्याच्या यंत्रणांना एकत्र बोलावण्याचे वजन आमदारांच्या पत्राला असते.

मात्र त्या पाहणीनंतर आमच्याकडून एक चूक झाली आणि ती आपण करू नये. आम्ही इतिवृत्त मागितले नाही. चार महिन्यांनी एका अधिकाऱ्याची बदली झाली, नव्या अधिकाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते आणि सर्व पुन्हा सुरुवातीपासून सांगावे लागले. म्हणून संयुक्त पाहणी मागाल तेव्हा त्याच पत्रात इतिवृत्तही मागा, ज्यात कोणते काम, कोणत्या अधिकाऱ्याकडे आणि किती दिवसांत हे लिहिलेले असेल.

आणखी एक विनंती. आपण चार सोसायट्यांचा उल्लेख केला आहे, पण भेटीला गावठाणातील कोणी येणार आहे का? रस्त्याखालची जमीन बहुधा त्यांच्यापैकीच कोणाची असेल. नवे रहिवासी आणि मूळ गावकरी वेगवेगळे गेले तर लोकप्रतिनिधींसमोर दोन परस्परविरोधी मागण्या उभ्या राहतात आणि काम तिथेच थांबते. त्यांच्या घरी जाऊन आधी बोला. नगरसेवकांनाही कळवा. मार्च 2022 नंतर पुणे, मुंबई अशा महापालिकांत जवळजवळ चार वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, त्यामुळे गल्लीतील गटारासाठीही लोक आमदारांकडे जात राहिले. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत, तेव्हा अंतर्गत ड्रेनेजचा आग्रह त्यांच्याकडेच धरणे योग्य होईल.

सोसायटीसचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनेप्रमाणे उतारे काढले, आणि जे दिसले त्याने आम्ही थक्क झालो. 700 मीटरपैकी सुमारे 240 मीटर रस्त्याखालची जमीन अजून खाजगी नावांवर आहे. ताईंच्या सांगण्यावरून गावठाणात गेलो. पाच खातेदारांपैकी चौघे टीडीआरच्या, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, मोबदल्यात जागा देण्यास तयार आहेत. आजवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते, असे त्यांतील एका वयोवृद्ध आजोबांनी सांगितले. पाचव्या खातेदारांचे निधन झाले असून वारसनोंद रखडली आहे, त्यामुळे सही कोणी करायची हे ठरत नाही.

त्यामुळे भेटीसाठी आम्ही दोनच मागण्या लिहिल्या आहेत. महसूल, भूमी अभिलेख आणि महापालिकेचा रस्ते विभाग यांची रस्त्यावरच संयुक्त पाहणी व्हावी, तिचे इतिवृत्त मिळावे आणि वारसनोंदीचा विषय त्यात प्रथम घ्यावा, ही पहिली. पाण्याच्या हमीपत्राबाबत तारांकित प्रश्न द्यावा, ही दुसरी; त्याचा मसुदा सोबत जोडत आहोत. गावठाणातील दोन प्रतिनिधी आमच्याबरोबर येत आहेत. ड्रेनेजचे निवेदन प्रभागातील नगरसेवकांना स्वतंत्रपणे दिले आहे.

निवृत्त_अभियंता

फार चांगले काम केलेत. एवढेच करा की भेटीपूर्वी मोजणीसाठी अर्ज करून शुल्क भरा आणि पावती सोबत ठेवा. पाहणीच्या दिवशी हद्दीचे दगड जागेवर दिसले नाहीत, तर पहिला अधिकारी मोजणी झाल्यावर पुन्हा येऊ असे म्हणेल आणि उरलेले त्याच्यामागून निघून जातील. आणि ज्या चौघांची तयारी आहे त्यांचे संमतीपत्र आत्ताच लेखी घ्या, वारसनोंदीसाठी थांबू नका. त्यांच्या गटांतील लांबी सलग येत असेल, तर तेवढा भाग आधी ताब्यात घेऊन काम सुरू करता येते.