नस जोडून चार महिने झाले, करंगळी बधिरच. ‘कार्बन नॅनो’ पट्ट्याचा उपयोग होतो का?

हर्णैकर
माझा दादा ट्रॉलरवर खलाशी आहे. विंचची वायर तुटून उजव्या हाताला कोपराच्या जरा खाली खोल कापलं. करंगळीकडची नस पूर्ण तुटली होती, ती ऑपरेशन करून जोडली. चार महिने झाले, करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट अजून बधिर. जाळं शिवताना दोरा सुटला तरी त्या बोटांना कळत नाही. परवा चहाच्या पेल्याने करंगळी भाजली, ते फोड आल्यावर लक्षात आलं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर कार्बन नॅनोट्यूबचा पट्टा आलाय, नसा पुन्हा उगवतात म्हणे. अठरा हजार रुपये. वहिनी गळ्यातलं मोडायला निघाली आहे. घ्यावा का?

देवगडची_मी
वहिनींना आधी थांबवा. मी याच पदार्थांवर काम करते.

कार्बन नॅनोट्यूब खऱ्या आहेत. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांच्या शोधनिबंधामुळे जगाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. कार्बनच्या एकाच थराची नळी साधारण एक-दोन नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाड असते आणि वीज छान वाहून नेते. चेतापेशींचं कामही विजेच्या संकेतांवर चालतं, म्हणून संशोधकांना त्यांची ओढ. इटलीत त्रिएस्तेला २००५ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशी या नळ्यांच्या थरावर वाढवल्या, तर काचेवरच्या पेशींपेक्षा त्यांच्यात संकेत जास्त वेळा उमटले. पण तिथे पेशी त्या थराला थेट चिकटलेल्या होत्या. कातडीवरून बांधलेल्या पट्ट्यातला कार्बन आतल्या नसेपर्यंत पोचणार कसा?

खरा प्रयत्न वेगळाच आहे. नसेचा तुकडाच गेला असेल तर दोन टोकांमध्ये बारीक नळी बसवतात. मिरीचा वेल पोफळीच्या आधाराने चढतो, तसा नसेचा वाढणारा तंतू तिच्यातून पुढे सरकतो. कोळंबीच्या कवचातून काढलेल्या कायटोसानच्या अशा नळ्या युरोपात वापरातही आहेत. त्यात नॅनोट्यूब किंवा ग्राफीन (कार्बनचाच एका अणूइतका पातळ पापुद्रा) मिसळायचे प्रयोग अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच आहेत. माणसात ग्राफीन गेलंय ते दुसऱ्या कामासाठी: २०२४ मध्ये मँचेस्टरला, मेंदूतली गाठ काढताना संकेत टिपायला तेवढ्यापुरतं.

धोकाही आहे. २००८ मध्ये लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात सोडल्या, तेव्हा अ‍ॅसबेस्टॉससारखी सूज आली. म्हणून लांबी किती, शुद्धता किती, शरीरात पुढे त्यांचं काय होतं, याची उत्तरं मिळाल्याशिवाय कुणीही जबाबदार माणूस हे विकणार नाही. गरजू घराला असं फसवलेलं पाहून मला फार राग येतो.

हर्णैकर
पट्टा रद्द. पण ताई, मग नुसती वाट बघायची का?

फिजिओ, चिपळूण
नाही, करण्यासारखं बरंच आहे. जोडलेल्या नसेतला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपराखालून करंगळीच्या टोकापर्यंत तीस-पस्तीस सेंटिमीटर धरा. म्हणजे चार महिन्यांत बोट बधिर असणं अपेक्षितच आहे.

मनगटापासून जखमेच्या खुणेकडे नसेच्या रेषेवर बोटाने हलकेच टिचक्या मारत या. जिथे पहिल्यांदा करंगळीत मुंग्या येतात तिथे पेनाने खूण करा. दर महिन्याला बघा. खूण साधारण अडीच-तीन सेंटिमीटर खाली सरकली तर तंतू वाढतोय. आजच्या घडीला ती कोपर आणि मनगट यांच्या साधारण मध्यापर्यंत आलेली असायला हवी.

बोटांचे सांधे रोज दुसऱ्या हाताने पूर्ण सरळ करा, नाहीतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडून वाकडं होतं. स्प्लिंट (बोटं सरळ धरणारी पट्टी) दिलं असेल तर ते सोडू नका. गरम भांडं, बर्फ, गळाचं टोक यांपासून ती दोन बोटं जपा आणि रोज रात्री जखम झालीय का ते उजेडात बघा.

खूण अजून जखमेजवळच असेल किंवा महिनाभर एकाच जागी राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनकडे जा आणि नसेतून संकेत किती वेगाने जातो याची तपासणी करायला सांगा. वर्ष-दीड वर्ष नस पोचली नाही तर हाताचे छोटे स्नायू वाळतात. मग नस पोचली तरी ते नीट साथ देत नाहीत.