ऑफिसमधून थेट कसारा: दोन्हीकडे चालेल अशी ट्रेक पँट कुठली घ्यावी?

शेवटची_कसारा

नमस्कार मंडळी,

तीन दुकानं पालथी घालून आणि एक पँट फाडून झाल्यावर विचारतोय, तेव्हा "सर्च करून बघा" म्हणू नका.

राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्यात. आम्ही पाच जण शुक्रवारी रात्री निघतो. मला घरी जाऊन कपडे बदलायला वेळ मिळत नाही. ऑफिसातून ठाणे स्टेशन, कसारा लोकल, पुढे सांगून ठेवलेली जीप. म्हणजे शुक्रवारी सकाळी मीटिंगला चढवलेली पँट अंगावरून उतरते ती शनिवारी रात्री. (बायकोने आधीच नाक मुरडून झालंय, तुम्ही नका मुरडू.)

आजवरचा इतिहास असा. पहिली जीन्स. सांदण दरीत पाण्याच्या दुसऱ्या टप्प्यात कमरेपर्यंत भिजलो. दरीत ऊन कुठलं यायला? संध्याकाळी साम्रदला परत आलो तरी कमरेची पट्टी आणि खिसे ओलेच. जांघेत असं सोलवटलं की शेवटचा अर्धा तास फेंगडा चालत होतो आणि मागून ग्रुपमधली मंडळी व्हिडिओ काढत होती.

मग ऑफिसचीच सुती, 'स्ट्रेच' लिहिलेली पँट. रतनगडावर त्र्यंबक दरवाजाकडून उतरताना त्या गुडघाभर उंच पायऱ्यांवर पाय खाली टाकला आणि सीटची शिवण टर्रकन गेली. कमरेला जर्किन बांधून कसाऱ्यापर्यंत आलो. लोकलमध्ये बसायला जागा होती, तरी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

तिसरी ट्रॅक पँट. नोव्हेंबरमध्ये घातली. कुसळं! घरी येऊन दोन तास एकेक उपटत बसलो होतो. धुतल्यावरही आतून टोचतात ती टोचतातच.

आता नीट एकच घ्यायची आहे. उंची ५ फूट ६, कंबर ३४, मांड्या जाड. बजेट अडीच हजार. ऑफिसात फार कडक नियम नाहीत, पण मांडीवर पिशव्यांसारखे खिसे लटकवून गेलो तर साहेब बघतात. नायलॉन घ्यावी की पॉलिएस्टर? गुडघ्यापासून चेनने सुटून अर्धी होणारी कामाची असते का?

घाटवाटकर

अरे शेवटची कसारा, आधी तुझी चूक सांगतो, मग पँट. ऑफिसची आणि डोंगराची पँट एकच हवी हा हट्टच चुकीचा. ट्रेकची चांगली पँट जेमतेम तीनशे ग्रॅमची. गुंडाळली तर टिफिनच्या डब्याएवढी होते. कसारा स्टेशनवर बदल. आमच्या वेळी आम्ही एनसीसीची खाकी घालून फिरलो. भिजली की पायाला घोंगडं गुंडाळल्यासारखं वाटायचं, पण दुसरं काही मिळतच नव्हतं.

आता माझं ऐकणार नाहीस हे गृहीत धरून बाकीचं.

अर्धी होणाऱ्या पँटच्या नादाला लागू नकोस. माझ्याकडे दोन होत्या. चेन बरोबर गुडघ्याच्या वर येते आणि चढावर प्रत्येक पावलाला तिथेच कापड अडतं. सुटे केलेले पाय चपला काढल्याशिवाय निघत नाहीत, आणि निघाले की त्यातला एक हमखास हरवतो. शिवाय सह्याद्रीत पाय उघडे टाकायचे कधी? पावसाळ्यात जळवा, दिवाळीनंतर कुसळं आणि करवंदाच्या जाळ्या, थंडीत खाजकुयली वाळलेली. खाजकुयलीची लव एकदा पिंढरीला लागू दे, मग कळेल पूर्ण पँट का घालायची. पाय झाकलेलेच ठेव आणि खालचं टोक मोज्यात खोच. दिसायला बावळट दिसतं, दिसू दे.

कापडाचं म्हणशील तर माझं मत नायलॉनला. कारण एकच, आपण उतरताना बसतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला किंवा कुठल्याही घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, बुड टेकवून घसरण्याला पर्याय नसतो, आणि तिथे पातळ पॉलिएस्टर एका मोसमात चाळणी होतं. नायलॉन घासायला जास्त चिवट.

लष्करी छापाची मात्र घेऊ नकोस, स्वस्त मिळते म्हणून. तो गणवेश आहे.

इचलकरंजीकर

भावा, घरात माग होते आणि चुलत्याचं टेलरिंगचं दुकान, त्यामुळे मी कापडाकडून सांगतो.

जीन्स तुला का नडली बघ. डेनिमचं वजन दर चौरस मीटरला ४०० ते ४७५ ग्रॅमपर्यंत जातं, ट्रेक पँटचं कापड १५० ते २०० च्या आसपास. शिवाय सूत पाणी नुसतं अंगावर घेत नाही, पोटात घेतं. साध्या हवेत ठेवलेलं १०० ग्रॅम कोरडं सूत सुमारे साडेआठ ग्रॅम ओल ओढतं, नायलॉन चारेक ग्रॅम आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे वाळण्यात पॉलिएस्टर पहिलं. घाटवाटकर काका म्हणतात ते घासण्याबाबत खरं, वाळण्याबाबत नाही. तू सांदण जास्त करणार की घसारा, ते तू ठरव.

कुसळांचं गणित वेगळंच. ट्रॅक पँट विणलेली असते, स्वेटरसारखी, नुसते फासे. कुसळाला पुढे टोक आणि मागे उलटे केस, फाशात शिरलं की हललास तसं आतच सरकतं. मागावरच्या गच्च, गुळगुळीत कापडात त्याला शिरायला जागा कमी. दुकानात पँटवरून नख ओढून बघ. नख सरसर गेलं तर घे, अडकत गेलं तर ठेवून दे. कापडात बारीक चौकड्या दिसल्या तर अजून चांगलं. तिथे जाड धागा असतो, भोक पडलं तरी फाटत लांब जात नाही. पण जवळून त्या चौकड्या दिसतात, ऑफिसात चालणार का ते बघ.

आता तुझी फाटलेली सीट. तिथे कापडाचा दोष कमी, शिवणीचा जास्त. साध्या पँटला चारही शिवणी दोन पायांच्या मध्ये एका बिंदूत येतात. पाय फाकला की सगळा ताण त्या एका टाक्यावर. पँट उलटी करून बघ, तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा जादा तुकडा जोडलेला असेल तर ताण चार बाजूंना वाटला जातो. तो नसेल तर लेबलवर 'ट्रेक' लिहू दे नाहीतर 'हिमालय', ती नुसती पँट. तुझ्या मांड्या जाड आहेत म्हणतोस, मग हे पहिलं बघायचं, रंग नंतर.

आणि एक, जे दुकानदार सांगत नाही. गुडघ्याला आकार दिलेली, चिमटे घातलेली पँट घेतलीस आणि तुझ्या उंचीला ती लांब झाली, तर खालून कापू नको. कापलीस तरी गुडघ्याचा आकार नडगीवरच राहणार आणि खालची नाडी जाणार ती वेगळीच. कमी लांबीचीच शोध. ट्रायल रूममध्ये आरशात बघत उभं राहू नको, पाच उठाबशा काढ आणि एक पाय स्टुलावर टाकून गुडघा छातीला लाव. पडद्याबाहेरचे हसले तर हसू दे.

मृण्मयी_ना

नवऱ्याच्या पँटींची धुलाई माझ्याकडे आहे (का, ते विचारू नका), म्हणून दोनच गोष्टी.

कपडे मऊ करणारं ते सुगंधी औषध ह्या पँटींना अजिबात घालायचं नाही. पाणी ओघळून जावं म्हणून वरून जो लेप असतो तो त्याने निकामी होतो, मग थेंब घरंगळायच्या ऐवजी पसरतो.

आणि इस्त्रीवाल्याला द्यायचीच नाही. आमच्या गल्लीतल्याने कोळशाची इस्त्री फिरवली, डाव्या मांडीवर त्रिकोणी चकाकी आली ती कायमची. शेकोटीचंही तेच. सुती पँटला ठिणगीने डाग पडतो, हिला थेट भोक.

घाटवाटकर

शेकोटी गडावर करायचीच नसते मुळात. बाकी मृण्मयीताईंशी सहमत. ओली पँट अंगावरच ठेवून जीपमध्ये झोपू नकोस, हेही राहिलं. जांघेत गजकर्ण झालं की महिनाभर मलम लावत बसशील.

शेवटची_कसारा

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. काका, तुमचं अर्धंच ऐकलं.

पाच पँट उलट्या करून बघितल्या. तिथला पोरगा म्हणाला, "सर, डिफेक्ट शोधताय का?" तीन जणींना तो शंकरपाळा नव्हताच, त्यातल्या एकीची किंमत साडेतीन हजार! शेवटी नायलॉनची, थोडा ताण घेणारी, गडद राखाडी घेतली, १,८९९ रुपयांना. मांडीवर एकच खिसा, तोही शिवणीत लपलेला, चेनचा. मोबाईल त्यात उभा बसतो. कंबरेला आतून इलॅस्टिक आहे, म्हणून चामड्याचा पट्टा काढून टाकला. सॅकच्या पट्ट्याखाली त्याचं बक्कल रुतून दरवेळी हाडावर निळं पडायचं, तो त्रास पँटचा नव्हताच हे आत्ता कळलं. उठाबशा काढल्या, पाच नाही, तीन.

लांबी मात्र दीड इंच जास्तच आहे. कमी लांबीची त्या रंगात नव्हती. कापली नाही, नाडीने आवळून घोट्यावर फुगवली, आणि ऑफिससाठी आतून दोन टाके घालणार आहे.

आज मुद्दाम घालून आलो. साहेबांचं लक्ष गेलं नाही. पण चालताना मांड्यांचा सळसळ आवाज येतो, शांत मीटिंगमध्ये पाण्याची बाटली आणायला उठलो तर सगळ्यांनी मान वर केली. इचलकरंजीकर, धुतल्यावर हा आवाज कमी होतो का? शनिवारी कळसूबाई आहे. तिथे शिड्यांवर माणसांचाच गलका असतो, चालून जाईल. सोमवारचं काय करू ते सांगा.

इचलकरंजीकर

चार-पाच धुण्यात थोडा कमी होईल, पूर्ण नाही. नायलॉन आहे भावा, बोलणारच. मीटिंगच्या आधी पाणी पिऊन घे.