जुनी थार फार आपटते: चारही शॉकअप बदलू की आधी आणखी काही बघू?

बामणोली_रोड

नमस्कार मंडळी. गाडी थार सीआरडीई, २०१४ ची, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. सातारा-कास-बामणोली असं येणंजाणं असतं, आणि शेवटचा टप्पा शेतापर्यंत मुरूम नि जांभ्याच्या दगडांचा.

त्रास असा की डांबरावरचं साधं ठिगळ लागलं तरी कमरेत दणका बसतो. गतिरोधकावरून पुढची चाकं खाली उतरताना ठक् असा लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा आवाज येतो. कच्च्यावर मागची बाजू नुसती उड्या मारते. आई मागच्या बाकावर बसायला साफ नाही म्हणते.

आधीच्या मालकाने गाडी उंच करून घेतली आहे. नेमकं काय केलं ते त्याला सांगता आलं नाही, "मिस्त्रीने केलं" एवढंच. टायर ऑल-टेरेन आहेत, बाजूला लोड रेंज ई लिहिलंय. एका दुकानात चारही शॉकअप गॅसचे टाका म्हणाले. दुसरा एक जण म्हणतो, आहेत तेच उघडून ऑइल भरून देतो, निम्म्याहून कमी पैशात. शॉकअपवरून तेल ओघळलेलं नाही, धूळ थोडी चिकटून बसलीय इतकंच. काय करू?

ऑफरोड_अण्णा

दहा वर्षं झालेली गाडी. चारही बदला, विषय संपवा.

पाटेवाला_कराड

विषय संपत नाही अण्णा, खिसा संपतो.

बामणोलीवाले, गाडी आपटते म्हटलं की जो तो शॉकअपला धरतो. शॉकअपचं काम उडी जिरवायचं. आतलं तेल बारीक व्हॉल्व्हमधून दाबून जातं, तिथं उडीतला जोर उष्णतेत जातो. शॉकअप मेला तर गाडी आधी झुलायला लागते, खड्डा मागे पडला तरी हेलकावे चालू. तुमची झुलत नाही, दणके देते. म्हणजे चाकाला वरखाली व्हायला जागा उरलेली नाही, नाहीतर टायर आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग) जागचे हलायलाच तयार नाहीत. तेव्हा एक रुपया खर्च करायच्या आधी टेप, खडू आणि जॅक घ्या.

हवा सकाळी गाडी थंड असताना स्वतःच्या गेजने बघा. लोड रेंज ई म्हणजे दहा प्लाय रेटिंगचा टायर, त्याची बाजूची भिंतच जाड. तो भरलेल्या पिकअपसाठी बनवलेला. पंपावरचा पोरगा टायर बघतो आणि त्याच हिशेबाने हवा मारतो. तुमची रिकामी थार आहे. ३० च्या आसपास आणा आणि त्याच ठिगळावरून पुन्हा जाऊन बघा.

मग पुढची बाजू. तुमच्या गाडीला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत. चासीच्या बाजूने लांब दांडा जातो, तो पिळला जातो आणि वजन पेलतो. मागच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट असतो. गाडी फुकटात उंच करायची तर मिस्त्री तो बोल्ट आवळतो आणि मोकळा होतो. पुढं काय होतं ते नीट समजून घ्या. बोल्ट आवळला म्हणून दांडा कडक होत नाही, तो होता तेवढाच राहतो. पण गाडी उभ्या जागीच वर गेल्यामुळे चाक खाली सुटायची जागा संपते. गतिरोधकावरून चाक खाली पडायला जातं आणि चाक धरणारा वरचा आर्म लगेच आपल्या रबरी स्टॉपवर आपटतो. तुमचा ठक् बहुतेक तोच. रबर झिजलं असेल तर लोखंडावर लोखंड.

मोजायचं असं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर घ्या. मग जॅक चासीला लावा, खालच्या आर्मला लावाल तर मापच चुकेल. टायर जमिनीवरून सुटतो न सुटतो तोवर उचला, तेच अंतर पुन्हा घ्या. जो फरक येईल तेवढंच चाक खाली सुटतं. एकूण खेळाचा तिसरा हिस्सा तरी खालच्या बाजूला हवा. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, शिरायचं तर घोडी (चासीखालचा पक्का स्टँड) लावून.

मागे पाटे मोजा. सगळ्यांची जाडी सारखी आहे का? कुणी भार वाहायला एक पाटा वाढवलाय का? शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा, मागे तिरका आहे, उभा आहे की आत झुकलाय? पाटा वाढवला की कमान फुगते, पाट्याच्या दोन टोकांच्या डोळ्यांतलं अंतर कमी होतं आणि शॅकल आत ओढला जातो. मग पाट्याला सहज लांब होता येत नाही. बंपस्टॉपच्या, म्हणजे गाडी पुरती दबली की जिथं आपटते त्या रबराला ओला खडू फासा, शेताची एक फेरी मारा. खडू पुसला गेला तर मागची बाजू तळाला जाऊन आपटतेय. तसाच राहिला तर ती दबतच नाही. दोन्हींत दणका बसतो, पण इलाज उलटे.

शॉकअप सगळ्यात शेवटी. कच्च्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबलात की लगेच चारही नळ्यांना हाताची मागची बाजू लावून बघा, आधी जवळ नेऊन, जपून. काम करणारा शॉकअप गरम लागतो. तीन गरम आणि एक गार, तर तो एक गेला. चारही गार, तर ते हललेलेच नाहीत, दोष दुसरीकडे.

ऑइल भरून देणाऱ्याच्या नादी लागू नका. शॉकअप सीलबंद असतो. हे लोक भोक पाडतात, मिळेल ते ऑइल ओततात आणि वेल्डिंग मारतात. ऑइल जाड पडलं की थंडीत सकाळी गाडी दगड होते. आणि गॅसचा शॉकअप भोकायला गेलं तर माणसाला लागतं.

बामणोली_रोड

पाटेवाले काका, सगळं केलं.

हवा निघाली ४२. तीसवर आणली, ठिगळांचे दणके बरेच कमी झाले. पण ठक् तसाच, मागच्या उड्याही तशाच.

पुढे डावं चाक अर्धा इंच सुटतं, उजवं त्याहून कमी. उजव्या बाजूचा रबरी स्टॉप अर्धा तुटलेला.

मागे सगळ्यात खाली एक पाटा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जाड आहे आणि त्याच्यावर गंज वेगळ्या रंगाचा. शॅकल जवळपास उभा. बंपस्टॉपचा खडू जसाच्या तसा. शॉकअप: पुढचे दोन्ही कोमट, मागचा डावा कोमट, मागचा उजवा गार.

पाटेवाला_कराड

म्हणजे अण्णांचं एक चतुर्थांश बरोबर निघालं.

पुढचं आधी. चासी घोडीवर घ्या, चाक लटकू द्या, म्हणजे दांड्यावरचा ताण उतरेल. भार असताना ॲडजस्टिंग बोल्ट फिरवला तर आटे जातात. बोल्ट सध्या कुठे आहे तिथं रंगाची खूण करा, आटे साफ करून तेल सोडा, मग दोन्ही बाजूंनी थोडंथोडं सैल करा. खाली उतरवून गाडी पुढेमागे ढकला, दोनदा बोनेट दाबा, मगच मोजा. नुसती जॅकवरून उतरवलेली गाडी खोटं माप दाखवते, टायर आत ओढलेले असतात. उंची मनासारखी आली की दोन्ही स्टॉप नवे, आणि अलाइनमेंट न चुकता. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, पुढचे टायर कडेने खातात. तिथंच बॉलजॉइंट हलवून बघा आणि पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटलेत का तेही. इतके दिवस ते वाकड्या कोनात फिरलेत.

मागचा जाड पाटा काढा. तुम्ही गाडीत खताची पोती भरत नाही ना? भरत असाल तर आधी सांगा, मग वेगळा विचार करू. पाटा काढल्यावर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच टाका. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, पुन्हा आवळले तरी पकड धरत नाहीत. काही शे किलोमीटर झाले की परत आवळा.

आता जे बहुतेक गॅरेजात चुकतं ते. पाट्याचे आणि शॅकलचे बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) रबरी असतील तर त्यांचे बोल्ट गाडी घोडीवर असताना पक्के आवळायचे नाहीत. सैल ठेवून चाकं जमिनीवर आणायची, गाडी आपल्या वजनावर बसली की मग आवळायचे. वर असताना आवळलं तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. राइड कडक होते आणि बुश लवकर फाटतो. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून हे करून घ्या.

शॉकअप फक्त मागची जोडी. एकटा उजवा नको, नवा-जुना मिळून मागची बाजू वाकडी चालते. गाडीची उंची ठरल्यावरच घ्या. चाक पूर्ण लटकलेलं आणि पूर्ण दबलेलं, अशी दोन्ही मापं नेऊन दुकानात दाखवा, नाहीतर लांब शॉकअप दबताना आतून तळाला लागतो. ट्विनट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा. आडवा पडून राहिल्यामुळे आत गॅस सरकलेला असतो. मधे एक पोकळ झोल हाताला लागतो, तो गेला की बसवा.

रत्नांग्रीची_जीप

काकांच्या बोलण्यात सांभाळायचं राहिलं, ते माझ्याकडून. आमच्याकडे खारी हवा आणि पावसाळ्यात तांबडी माती. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर चिखल वाळला की तो सीलमध्ये घासत जातो, आणि तिथून तेल सुटायला सुरुवात. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा. प्रेशरवॉशरची धार सीलच्या तोंडावर मारू नका, चिखल आत ढकलला जातो. नुसता ओलसर थर दिसला तर घाबरायचं नाही, पुसून आठवडाभराने बघा. ओघळ आला तर गेला. दांड्याला नख लावून फिरवा. गंजाचा खड्डा नखाला अडकला तर सील टिकत नाही.

आणि पाट्यांमध्ये साधं ग्रीस भरू नका. धूळ चिकटून पॉलिशपेपर होतो.

पाटेवाला_कराड

ग्रीसचं पटतंय, पण अर्धंच. कोरड्या गंजलेल्या पाट्यांनी गाडी तितकीच कडक होते. पाटे उघडलेच आहेत तर वायरब्रशने घासून टोकांना ग्रॅफाइटवालं लावा, पातळ. बाहेर आलेलं पुसून टाका. दरवेळी उघडायची गरज नाही.

बामणोली_रोड

खताची पोती नेत नाही काका, त्यासाठी ट्रॅक्टर आहे.

जाड पाटा निघाला, पुढची बाजू खाली घेतली. आता दोन्ही चाकं पावणेदोन इंचांच्या आसपास सुटतात. ठक् गेला. मागची जोडी ट्विनट्यूबच घेतली. जुना उजवा हातात धरून दाबला तर सुरुवातीचं अंतर नुसता हवेत गेला, मग कुठे अडला. बुश तुम्ही म्हणालात तसे खाली उतरवून आवळायला लावले, मिस्त्री कुरकुरला पण केलं.

एक राहिलंय. मागून डाव्या बाजूने हळू वेगात कर्र असा आवाज येतो, वेग धरला की जातो.

पाटेवाला_कराड

मिस्त्रीला कुरकुरू द्या.

कर्र येतो तो बहुधा शॅकलचा. डाव्या शॅकलच्या दोन्ही बुशांवर पाणी मारा आणि लगेच चालवा. आवाज थांबला तर जागा सापडली. ग्रीसनिपल असेल तर ग्रीसगन लावा. नसेल तर सिलिकॉनचं घ्या, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पाणी मारूनही आला तर पाट्यांच्या क्लिपा बघा, पाटा काढल्यावर त्या सैल राहिल्या असतील. आणि पुढची बाजू खाली आलीय, तेव्हा हेडलाइटही भिंतीवर मारून लावून घ्या.