जुना आयफोन म्हणतो गॅप चालतो, पण दिसत तर नाही

अर्धविराम:
दोन दिवस डोकं खाल्लंय या प्रकरणानं. वेबपानावर वर विषयांच्या गोळ्या (नावांची छोटी गोल बटणं) आहेत, लहानमोठ्या रुंदीच्या, दोन-तीन ओळींत वळणाऱ्या. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) फ्लेक्स म्हणजे ओळीतली मांडणी, रॅप म्हणजे जागा संपली की पुढच्या ओळीत, आणि गोळ्यांमध्ये ८ पिक्सेलचा गॅप, बाकी काही नाही. माझ्याकडे क्रोम आणि फायरफॉक्समध्ये चोख. क्लायंटबाईंकडे आयफोन ६. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली विचारलं, "ही एकच लांब गोळी आहे का?" सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या.

म्हटलं, सोपं आहे. अ‍ॅट-सपोर्ट्समध्ये (ब्राउझरला अमुक गोष्ट कळते का, हे विचारणारा सीएसएसचा नियम) गॅप विचारायचा, नसेल तर मार्जिन, म्हणजे प्रत्येक गोळीभोवती मोकळी जागा, द्यायचं. तर तो फोन म्हणतो "आहे"! त्यामुळे मार्जिन लागतच नाही. त्याच फोनवर क्रोममध्येही तेच. फोन खोटं बोलतोय की माझंच चुकतंय?

जुनी_खोड:
फोन खरं बोलतोय, प्रश्न अर्धवट आहे. गॅप ग्रिडलाही (आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी) लागतो आणि फ्लेक्सलाही. आयओएस १२ च्या सफारीला ग्रिडमधला कळतो. फ्लेक्समधला सफारीत आला १४.१ या आवृत्तीला, २०२१ मध्ये. सपोर्ट्स एवढंच बघतं की ही प्रॉपर्टी आणि ही व्हॅल्यू वाचता येते का. कुठल्या लेआउटमध्ये, हे त्याला विचारायची सोयच नाही. मी यात एकदा अख्खा शनिवार घालवलाय.

बाईंना अपडेट करा म्हणू नका, आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जातच नाही. आणि तिथल्या क्रोमच्या पोटातही वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन.

गॅप काढून टाका. प्रत्येक गोळीला चारी बाजूंनी ४ पिक्सेल मार्जिन, बाहेरच्या डिवला (सगळ्या गोळ्या ज्यात आहेत तो डबा) उणे ४. सगळीकडे सारखं दिसेल.

कंसातला:
गॅप ठेवायचाच असेल तर सपोर्ट्समध्ये गॅपऐवजी इनसेट (सीएसएसची दुसरीच एक प्रॉपर्टी) विचारा. सफारीत तोही १४.१ लाच आला. क्रोममध्ये इनसेट ८७ ला, फ्लेक्सचा गॅप ८४ ला, म्हणजे इनसेट असेल तिथे गॅप असतोच. उलटं झालं, म्हणजे गॅप आहे पण इनसेट नाही, तरी बिघडत नाही, मार्जिन लागेल एवढंच.

जुनी_खोड:
चालेल, पण शेजारी कॉमेंट लिहा हो! सहा महिन्यांनी कुणीतरी "इथे इनसेट कशाला?" म्हणून उडवून टाकेल. बहुधा तुम्हीच.

अर्धविराम:
उणे मार्जिन लावलं. गोळ्या सुट्या झाल्या, पण त्या डिवला राखाडी बॅकग्राउंड होतं, ते सगळ्या बाजूंनी ४ पिक्सेल बाहेर आलं. शेवटी बाहेरून आणखी एक डिव घातला आणि रंग त्याला दिला. बाईंचा नवा स्क्रीनशॉट आलाय, गोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. आता तक्रार फॉन्टची आहे.